स्वस्त गुंठा : पाणी की कागद?

वाचकाचं पत्र :

नमस्कार मॅडम,

मी मिरजेत एका हॉस्पिटलमध्ये स्टाफ नर्स आहे, वय ३३. मिस्टर कुपवाड एमआयडीसीत सुपरवायझर आहेत. दोघांचे मिळून महिन्याला ६२ हजार हातात येतात. सासऱ्यांच्या घरात राहतो, त्यामुळे भाडं नाही, कर्जही नाही. मुलगी दुसरीत आहे. आजवर ११ लाख साठलेत, सगळे एफडीत.

माझ्या मैत्रिणीने अकरा वर्षांपूर्वी ६ लाखांना प्लॉट घेतला होता, आता १२ लाखांना मागतात म्हणे. तेव्हापासून माझ्या डोक्यात जागेत पैसे घालायचं आलंय. मिस्टरांच्या मित्राने कर्नाळ रस्त्याच्या बाजूला आत ११ गुंठे बघितलेत. चौघांनी मिळून घ्यायचे, प्रत्येकाला पावणेतीन गुंठे, गुंठ्याला साडेतीन लाख, त्यातले निम्मे रोख. दहा दिवसांत विसार द्यायचा आहे. माझा भाऊ म्हणतो, त्यापेक्षा विश्रामबागला २८ लाखांचा वन बीएचके बुक कर, बांधकाम चालू आहे, भाडं ८ हजार सहज येईल. सासरे म्हणतात, एफडी बरी. जतला सासऱ्यांची जमीन आहे आणि मिस्टरांचं नाव सातबाऱ्यावर आहे. मला यातलं काहीच कळत नाही. सुरुवात कुठून करू? मित्राने पाठवलेल्या सातबाऱ्याचा फोटो सोबत जोडलाय.

एक वाचक, मिरज

उत्तर :

ताई, विसाराची मुदत बघून तुम्हाला फोनवर आधीच कळवलं होतं की थांबा. का थांबा, ते इथे सविस्तर लिहिते. कारण अशाच आशयाची पत्रं इस्लामपूर, तासगाव, कराड, साताऱ्याहूनही येतात. गाव आणि आकडे बदलतात, अकरा गुंठे तेच असतात.

सांगलीत जागा भावापेक्षा स्वस्त मिळत असेल तर त्याला सहसा दोनच कारणं असतात : पाणी नाहीतर कागद. कधी कधी दोन्ही. विकणारा तिसरं कारण सांगतो, मुलीचं लग्न, दवाखाना, भावाभावांत वाटणी. ते खरंही असेल. पण अडलेल्या माणसाची स्वच्छ जागा आपल्यापर्यंत यायच्या आधी शेजारचा गटवाला, गावातला व्यापारी किंवा एजंट स्वतःच उचलतो. ती चार नवख्या नोकरदारांपर्यंत फिरत आली, याचा अर्थ ओळखीच्या लोकांनी ती आधी सोडलेली आहे. त्यांनी का सोडली, एवढं शोधलंत तरी निम्मा अभ्यास झाला.

आधी पाणी. आयर्विन पुलापाशी कृष्णेची इशारा पातळी ४० फूट आणि धोका पातळी ४५ फूट. ऑगस्ट २०१९ मध्ये तिथे पाणी ५७ फुटांच्या वर गेलं होतं. २००५ आणि २०२१ चे पूरही तुम्ही पाहिलेत, तुमच्या हॉस्पिटलमध्ये तेव्हा काय चाललं होतं हे मी तुम्हाला सांगायला नको. कर्नाळ रस्ता, सांगलीवाडी, हरिपूर, गावभागाचा नदीकडचा भाग, शामरावनगरचा सखल पट्टा, या बाजूची जागा बघताना पहिला प्रश्न भावाचा नसतो, पूररेषेचा असतो. नकाशावर पुराच्या दोन रेषा असतात, नदीजवळची निळी आणि तिच्या बाहेरची लाल. निळ्या रेषेच्या आत नवीन बांधकामाला परवानगी नाही असंच धरून चाला. निळी आणि लाल यांच्या मध्ये अटी घालून परवानगी मिळते, म्हणजे जोत्याची उंची वाढते आणि खर्चही वाढतो. आपला गट, म्हणजे त्या क्रमांकाची जमीन, कुठे पडतो हे महापालिकेच्या नगररचना विभागात किंवा पाटबंधारे खात्यात विचारता येतं. एजंटला विचारू नका. तो म्हणणार, "२०१९ ला बांधापर्यंत आलं होतं फक्त." कुठल्या बांधापर्यंत, ते शेजारच्या वस्तीवरच्या आजीला विचारा. त्या भिंतीवरची खूण दाखवतात.

आणि जागा उन्हाळ्यात बघून ठरवू नका. एप्रिलमध्ये इथलं प्रत्येक रान प्लॉट पाडण्याजोगं दिसतं. काळ्या रानात जुलैमध्ये मोटारसायकल कुठपर्यंत जाते ते बघा, म्हणजे रस्त्याचा आणि पायाच्या खर्चाचा, दोन्हींचा अंदाज येतो.

आता कागद. इथे जरा थांबून वाचा, कारण तुमच्या पैशाला खरा धोका इथे आहे.

अकरा गुंठ्यांचा आकडा कुठून आला? महाराष्ट्रात १९४७ पासून तुकडेबंदीचा कायदा आहे. शेतजमिनीचे ठराविक क्षेत्रापेक्षा लहान तुकडे करून विकता येत नाहीत. ऑगस्ट २०२३ च्या अधिसूचनेने आपल्याकडच्यासह बहुतेक जिल्ह्यांत हे प्रमाणभूत क्षेत्र बागायतीला १० आणि जिरायतीला २० गुंठे झालं. म्हणून एकट्याला पावणेतीन गुंठ्यांचं खरेदीखत होत नाही, पण बागायतीत दहाच्या वरच्या अकरा गुंठ्यांचं होतं. त्यावर लोकांनी काढलेली वाट म्हणजे चौघांनी मिळून एकच खरेदीखत करायचं, सातबाऱ्यावर चौघांची नावं सामाईक लावायची, आणि आपसात स्टॅम्पपेपरवर लिहून घ्यायचं की पूर्वेकडचा कोपरा तुमचा, रस्त्याकडचा आमचा. खरेदीखत नोंदवलेलं असतं, सातबाऱ्यावर नाव लागतं, पेढे वाटले जातात. मग तीन वर्षांनी तुम्हाला तुमचा कोपरा विकायचा असतो. तेव्हा कळतं की कायद्याच्या दृष्टीने तो कोपरा नाहीच. तुमच्याकडे ११ गुंठ्यांतला पाव हिस्सा आहे, पूर्व कोपरा नाही. चौघांनी रीतसर वाटप करू म्हटलं तरी तोच कायदा आडवा येतो, कारण वाटपानेही तुकडा पाडता येत नाही. गिऱ्हाईकाला बँक कर्ज देत नाही. उरतो कोण? बाकीचे तिघे. आणि त्यांना ठाऊक असतं की तुम्हाला दुसरं गिऱ्हाईक नाही.

"आता सरकारने गुंठेवारी मोकळी केली" हेही तुम्हाला ऐकवलं जाईल. गुंठेवारी म्हणजे मंजुरीशिवाय गुंठ्या-गुंठ्याने पाडून विकलेली जमीन. शहरांमधल्या आणि शहरांलगतच्या रहिवासी भागातल्या जुन्या तुकड्यांना अलीकडे सवलत मिळाली आहे, हे खरं. त्याच्या आधी २००१ चा गुंठेवारी कायदा आहे, त्याची मुदत २०२१ मध्ये वाढवून ३१ डिसेंबर २०२० पर्यंतच्या तुकड्यांना नियमित व्हायची संधी दिली गेली. सांगली-मिरज-कुपवाडमध्ये तर गुंठेवारीत वस्त्याच्या वस्त्या उभ्या आहेत. पण या सवलती कधीतरी आधी पडलेल्या तुकड्यांसाठी आहेत. उद्या तुम्ही नव्याने पाडणार असलेला तुकडा त्यात बसतो, हे तोंडी ऐकून मान्य करू नका. तो गट रहिवासी विभागात आहे की शेती विभागात, याचा झोन दाखला मागा. शेती विभागात असेल तर पावणेतीन गुंठ्यांवर घर सोडाच, फार्महाऊससुद्धा होत नाही. त्याला साधारण एक एकर, म्हणजे ४० आर लागतात.

तुम्ही पाठवलेला सातबारा मी पाहिला. भोगवटादार वर्ग १ आहे, म्हणजे विकायला सरकारची परवानगी लागत नाही, ही चांगली गोष्ट. वर्ग २ असता, किंवा देवस्थान इनामाची, म्हणजे देवळाला दिलेल्या जमिनीची नोंद असती, तर पुढचं वाचायचीच गरज नव्हती. पण दोन गोष्टी खटकल्या. एक, सातबाऱ्याच्या "इतर हक्क" रकान्यात विकास सोसायटीचा, म्हणजे गावच्या पतसंस्थेच्या कर्जाचा, बोजा आहे. तो भरून कमी करता येतो, मात्र खरेदीच्या आधी, नंतर नाही. "तुमच्या पैशातूनच भरतो" असं विकणारा म्हणाला तर त्या रकमेचा चेक थेट सोसायटीच्या नावे काढायचा.

दुसरी गोष्ट बोज्यापेक्षा मोठी आहे. मालकाच्या नावापुढे "ए.कु.मॅ." लिहिलंय, ते बघितलंत? एकत्र कुटुंब मॅनेजर. म्हणजे नाव एकाचं असलं तरी जमीन घराची आहे. भाऊ आहेत, बहिणी आहेत, त्यांची मुलं आहेत. २००५ च्या दुरुस्तीनंतर वडिलोपार्जित मिळकतीत मुलीला मुलाइतकाच जन्मसिद्ध हिस्सा आहे, आणि २०२० मध्ये सर्वोच्च न्यायालयाने त्यातली शंकाही मिटवली. आपल्याकडे अजूनही "बहिणी काही मागत नाहीत" असं छातीठोक सांगितलं जातं. त्या मागत नाहीत तोपर्यंत मागत नाहीत. भावाने जमीन विकली आणि त्यांच्या हातात साडीसुद्धा पडली नाही की मग दिवाणी दावा येतो, आणि दाव्यात प्रतिवादी म्हणून तुमचं नाव असतं. वकील म्हणून माझ्याकडे येणाऱ्या जमिनीच्या भांडणांत या प्रकाराचा वाटा फार मोठा आहे. बहिणींचं नोंदणीकृत हक्कसोडपत्र, नाहीतर खरेदीखतावर सगळ्यांच्या सह्या. "नोटरी करून देतो" हे उत्तर चालत नाही.

एक गैरसमज याच ओघात काढून टाकते. सातबारा हा मालकीचा अंतिम पुरावा नाही. ती महसुलाची नोंद आहे. मालकी ठरते ती खरेदीखत, वाटपपत्र, वारसा, हुकूमनामा यांवरून, आणि सातबाऱ्यावर नाव कसं आलं हे फेरफारांवरून, म्हणजे बदलांच्या नोंदींवरून कळतं. म्हणून एका सातबाऱ्याच्या फोटोवर काही ठरत नाही. गेल्या तीस वर्षांचे फेरफार काढायचे, दुय्यम निबंधक कार्यालयातला शोध घ्यायचा, नोंदवलेल्या व्यवहाराचा गोषवारा असलेल्या सूची क्रमांक दोनची नक्कल बघायची, स्थानिक पेपरात जाहीर नोटीस द्यायची. वकिलाची फी लागते, खोटं कशाला बोलू, माझं घर त्यावरच चालतं. पण तुम्ही स्वतःही बरंच करू शकता. डिजिटल सहीचा सातबारा १५ रुपयांत ऑनलाइन मिळतो. सुट्टीच्या दिवशी सासऱ्यांच्या जतच्या जमिनीचा सातबारा, आठ-अ (एका खातेदाराच्या सगळ्या जमिनींचा उतारा) आणि दोन-तीन फेरफार काढा आणि त्यांच्याच शेजारी बसून वाचा. कुठली नोंद कशामुळे पडली हे ते तुम्हाला सांगतील. घरच्या जमिनीवर शिकायला पैसे पडत नाहीत. मिस्टरांचं नाव तिथे आहे ही गोष्टही छोटी नाही; शेतकरी नसलेल्याला आपल्या राज्यात जिल्हाधिकाऱ्यांच्या परवानगीशिवाय शेतजमीन घेताच येत नाही, ती अडचण तुमच्या घराला नाही.

निम्मे रोख. याला माझं एकच उत्तर : नाही. स्थावर मालमत्तेच्या व्यवहारात २० हजार किंवा त्याहून जास्त रक्कम रोख घेणं कायद्याने मना आहे, आणि घेणाऱ्याला तेवढाच दंड होऊ शकतो. दंड त्याला होईल, मग आपलं काय जातं, असं मिस्टर म्हणतील. आपलं असं जातं की दिलेल्या रोख रकमेला पावती नसते. व्यवहार फिसकटला तर कागदावर असलेलीच रक्कम परत मागता येते. आणि उद्या तुम्ही विकायला गेलात, नवीन गिऱ्हाईकाने सगळे चेकने दिले, तर तुमची खरेदी कागदावर निम्मीच दिसते आणि तुम्हाला न झालेल्या नफ्यावर कर भरावा लागतो.

मैत्रिणीच्या प्लॉटचा हिशेब करू. अकरा वर्षांत ६ चे १२. ऐकायला दुप्पट, पण वर्षाला पडले साधारण साडेसहा टक्के. त्यातून खरेदीच्या वेळचं मुद्रांक शुल्क आणि नोंदणी वजा करा, विकताना एजंटचे टक्का-दोन टक्के वजा करा, नफ्यावरचा कर वजा करा. सासरे म्हणतात ती एफडी यापेक्षा फार मागे नाही. एफडीच्या व्याजावर दरवर्षी कर लागतो हे मान्य, पण ती मोडायला गिऱ्हाईक शोधावं लागत नाही. शिवाय १२ लाखांना मागतात हे "म्हणे" आहे. भाव सांगणारे पानटपरीवर भेटतात. चेक घेऊन येणारा भेटायला कधी कधी दोन वर्षं जातात. आणि ज्यांचे पैसे अडकले, ते लग्नाच्या पंगतीत त्याबद्दल बोलत नाहीत, म्हणून आपल्या कानावर फक्त दुप्पट झालेले येतात.

याचा अर्थ जागेत पैसे घालू नयेत असा नाही. जागा पैसा वाढवतेच, या गृहीतावर सगळी पुंजी लावू नये, एवढाच.

आता भावाचा फ्लॅट. त्याचा सल्ला मित्राच्या सल्ल्यापेक्षा बरा आहे, तरी आकडे मांडून बघा. २८ लाखांवर महापालिका हद्दीत मुद्रांक शुल्क साधारण ६ टक्के, म्हणजे १ लाख ६८ हजार. फक्त तुमच्या एकटीच्या नावावर घेतला तर महिला म्हणून निवासी घरावर एक टक्का सवलत मिळते, २८ हजार वाचतात. नोंदणी फी एक टक्का, कमाल ३० हजार. बांधकाम चालू आहे म्हणजे जीएसटी आला. ४५ लाखांच्या आतल्या आणि ९० चौरस मीटरपर्यंत चटई क्षेत्राच्या घराला १ टक्का, त्यापुढे ५ टक्के. पूर्णत्वाचा दाखला मिळालेल्या किंवा जुन्या फ्लॅटला जीएसटी नाही. वकील, बँकेचे खर्च धरून साडेतीस लाख म्हणा.

२० लाख कर्ज, साडेआठ टक्के, वीस वर्षं : हप्ता साधारण १७,३५० रुपये. भाडं ८ हजार येईल असं भाऊ म्हणतो. वर्षात एक महिना फ्लॅट रिकामा गेला, मेंटेनन्स आणि घरपट्टी तुम्ही भरलीत, कधी नळ कधी रंग, तर हातात ७० हजारांच्या आसपास उरतात. घातलेल्या साडेतीस लाखांवर सव्वादोन-अडीच टक्के. महिन्याला साडेअकरा हजार तुम्ही पगारातून घालणार. ६२ हजारांत ते जमेल, पण तुमचे ११ लाख जवळजवळ संपलेले असतील, आणि एमआयडीसीतली नोकरी, देव न करो, सहा महिने थांबली तर हप्ता थांबत नाही. शिवाय ताबा मिळेपर्यंत भाडं शून्य आणि व्याज चालू.

तरी घ्यायचाच ठरला तर प्रकल्पाचा महारेरा (बांधकाम प्रकल्पांवर लक्ष ठेवणारं सरकारी प्राधिकरण) क्रमांक मागा आणि महारेराच्या संकेतस्थळावर स्वतः बघा. तिथे मंजूर नकाशा, पूर्णत्वाची तारीख, किती फ्लॅट विकले गेले, कुठलं कर्ज आहे, सगळं दिसतं. नोंदणीकृत करार करण्याआधी बिल्डर किमतीच्या १० टक्क्यांपेक्षा जास्त रक्कम घेऊ शकत नाही. आपल्याकडे एक गोष्ट वारंवार दिसते : ५०० चौरस मीटरच्या आतला भूखंड किंवा आठपर्यंत फ्लॅट, यांना रेरा नोंदणी लागत नाही. गल्लीबोळातल्या कितीतरी इमारती नेमक्या आठ फ्लॅटच्या का असतात, हे त्यावरून समजा. अशी इमारत वाईटच असते असं नाही, पण तिथे तपासणी तुमची तुम्हालाच करायची असते.

मग तुम्ही काय करावं?

तुम्ही पत्रात एक गोष्ट सहज लिहून गेलात आणि तीच तुमची खरी पुंजी आहे. तुम्ही मिरजेत नर्स आहात. मिरजेत भाडेकरू कोण, हे तुमच्याइतकं कुठल्या एजंटला माहीत आहे? बाहेरगावाहून आलेल्या नर्सेस, शिकाऊ डॉक्टर, लॅबमधली मुलं, महिनाभर उपचार चालणाऱ्या पेशंटचे नातेवाईक. सीमेपलीकडून, अथणी-चिकोडीकडून येणारी माणसं तुमच्या वॉर्डात रोज भेटतात. ते कुठे राहतात, किती देतात, कशाला वैतागतात, पाण्याला की लांब पडतं म्हणून? ही माहिती विश्रामबागच्या ब्रोशरमध्ये नाही. पहिली जागा जिथला भाडेकरू तुम्हाला कळतो तिथेच घ्यावी, असं माझं ठाम मत आहे.

हिशेब उलटा मांडा. ११ लाखांतले अडीच लाख बाजूला, सहा महिन्यांच्या घरखर्चाचे, त्यांना हात लावायचा नाही. दीड लाख मुद्रांक, नोंदणी, वकील, किरकोळ दुरुस्ती. उरले ७. कर्ज १२ लाखांच्या वर नको. साडेआठ टक्क्यांनी पंधरा वर्षांना हप्ता ११,८०० च्या आसपास येतो. म्हणजे तुमची मर्यादा १९ लाख. त्यात नवीन कोरा फ्लॅट मिळणार नाही. जुन्या इमारतीतला, लिफ्ट नसलेला, हॉस्पिटलपासून चालत दहा मिनिटांवरचा वन बीएचके मिळाला तर बघा. तुमच्या भाडेकरूला संगमरवरी लॉबी नको असते, रात्रपाळीहून चालत येता आलं पाहिजे आणि पाणी चोवीस तास नसलं तरी सकाळी हमखास आलं पाहिजे.

जुन्या फ्लॅटचीही कागदपत्रं असतात. मूळ बिल्डरपासून आजच्या मालकापर्यंतच्या सगळ्या करारांची साखळी, भोगवटा प्रमाणपत्र (इमारत राहायला योग्य असल्याचा दाखला), मालमत्ता पत्रक (प्रॉपर्टी कार्ड), सोसायटी झाली आहे की अपार्टमेंट कायद्याखाली घोषणापत्र, मालकाच्या कर्जाचा बँकेचा दाखला, घरपट्टी-पाणीपट्टी-वीज यांच्या थकबाकी नसल्याच्या पावत्या. शिवाय एक न लिहिलेली गोष्ट : गच्ची बघा. पावसाळ्यात वरच्या मजल्याच्या छताला ओल असेल तर दुरुस्तीची वर्गणी तुमच्या पहिल्याच वर्षात निघणार. फार जुन्या इमारतीला बँक कर्ज देताना हात आखडता घेते, म्हणून विसाराच्या आधी बँकेत विचारा. खरं तर कर्जाची पूर्वमंजुरी आधी काढून ठेवा, मग फ्लॅट बघायला निघा. मालकाशी घासाघीस करताना तिचा उपयोग होतो.

भाडेकरू ठेवलात की लिव्ह अँड लायसन्स करार नोंदवायचा. अकरा महिन्यांचा असला तरी नोंदवायचा. महाराष्ट्रात ती जबाबदारी मालकाची आहे, आणि ऑनलाइन होतो. "ओळखीची मुलगी आहे, कशाला करार" हे म्हणू नका. ओळखीतच जास्त अडतं. भाड्याच्या उत्पन्नातून घरपट्टी वजा होऊन उरलेल्या रकमेवर ३० टक्के सरसकट वजावट मिळते, बाकीचं तुमच्या उत्पन्नात धरलं जातं.

प्लॉटच हवा असेल, मन मातीतच रमत असेल, तर मंजूर रेखांकनातला, बिगरशेती झालेला, स्वतंत्र सातबारा किंवा मालमत्ता पत्रक असलेला प्लॉट घ्या. पावणेतीन गुंठ्यांऐवजी एकच गुंठा, १०८९ चौरस फूट, आला तरी चालेल. तो तुमचा असेल, विकता येईल, बँकेकडे तारण ठेवता येईल. आणि खरेदीआधी भूमी अभिलेखकडून मोजणी करून घ्या. नकाशावरचा प्लॉट आणि जागेवरचे खांब यांत सहा-सात फुटांचा फरक मी बऱ्याच ठिकाणी पाहिला आहे. साताऱ्याकडच्या वाचकांसाठी इथेच सांगते, कास-बामणोलीच्या बाजूला किंवा महाबळेश्वर-पाचगणीच्या परिसरात "सेकंड होम" म्हणून विकल्या जाणाऱ्या तुकड्यांना हेच प्रश्न दुप्पट कडकपणे विचारा. महाबळेश्वर-पाचगणी २००१ पासून पर्यावरणदृष्ट्या संवेदनशील क्षेत्र आहे, आणि धुक्यातला फोटो म्हणजे बांधकाम परवाना नव्हे.

हे सगळं ऐकून दमला असाल, आणि सध्या काहीच घ्यायला नको असं वाटलं, तर तेही चालेल. तोवर शिकायचं असेल तर शेअर बाजारात नोंदवलेले रीट, म्हणजे इमारतींमध्ये पैसे गुंतवणारे ट्रस्ट, आहेत. ऑफिस आणि मॉलच्या इमारतींच्या भाड्यातला हिस्सा ते युनिटधारकांना वाटतात, २०२१ पासून एक युनिटही घेता येतं. भाव शेअरसारखा खालीवर होतो, म्हणून थोडेच घाला. इमारतीचं भाडं, रिकामी जागा, व्याजदर यांचा एकमेकांशी काय संबंध असतो, हे त्यांचे तिमाही अहवाल वाचून कळायला लागतं.

नावाबद्दल तुम्ही विचारलं नाहीत, तरी सांगते. फ्लॅट घेतलात तर तुमच्या एकटीच्या नावावर घ्या. सवलतीचा टक्का आहेच, आणि ११ लाखांत तुमच्या रात्रपाळ्या आहेत. मिस्टर सहकर्जदार राहतील.

मित्राला काय सांगायचं, ही शेवटची अडचण. दोस्तीत वाकडेपणा नको असेल तर तोंडी नाही म्हणू नका, चार कागद मागा : झोन दाखला, पूररेषेबाबतचा नगररचना विभागाचा अभिप्राय, बहिणींची नोंदणीकृत हक्कसोडपत्रं, आणि सोसायटीचा बेबाकी (थकबाकी नसल्याचा) दाखला. आणि सगळी रक्कम चेकने देणार हे व्हॉट्सॲपवर लिहूनच पाठवा. कागद आले तर मला दाखवा, फेरविचार करू. पण विसाराचे दहा दिवस संपले तर संपू द्या. हा गट गेला तरी कर्नाळ रस्त्याला दुसरे अकरा गुंठे दिवाळीच्या आत कुणीतरी आणतोच.